दहा मीटरवरून

"वाकडं लागलंय," ग्रंथालयातल्या बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून रखवालदार ओरडला, "तिथं नाक लावून कसं कळणार तुला? इकडं येऊन बघ."

इंगुन नेस्सेनं हातातली हातोडी खिडकीत ठेवली आणि ती बोळभर चालत त्याच्याकडे गेली. रविवारपासून तिच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती आणि डॉक्टरनं त्यावर कापसाची घडी चिकटवली होती, त्यामुळे सगळं जग तिला तीन दिवस जरा सपाट, जरा कागदी दिसत होतं. कॉफी ओतताना दोनदा कपाबाहेर ओतली होती. रखवालदाराजवळ पोचून ती वळली आणि तिनं उरलेल्या एका डोळ्यानं समोर पाहिलं. चित्र वाकडं होतं, डावा कोपरा बोटभर खाली. पण ते तिला नंतर कळलं. आधी दिसलं ते असं, की चित्रातली दोन माणसं एकमेकांपासून दूर झाली होती. कोणी हललं नव्हतं. सीवर्ट होल्मे तसाच उभा होता, दोन्ही हातांच्या ओंजळीत काडी धरून सिगारेट पेटवत. आणि त्याच्या खांद्यापाशी, गेलं वर्षभर नेहमी त्याच्या खांद्यापाशीच, तिचा भाऊ एलिफ तसाच वाकलेला होता, एक पाय धक्क्याच्या काठावरून सुटलेला, एक हात सीवर्टच्या बाहीकडे गेलेला. फक्त दोघांच्या मधली करडी पट्टी, जी तिला आजवर एखाद्या भिंतीसारखी उभी वाटत आली होती, ती आडवी झाली होती. ती जमीन होती. ओली, बर्फाळलेली, लांबच लांब जमीन. आणि एलिफ तिच्या पार पलीकडे होता, लहान, आणि त्याचा हात सीवर्टकडे नव्हताच, नुसता हवेत होता.

"काय गं, बरं नाही वाटत का?" रखवालदारानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "डावीकडून वर घ्यायला हवं." आणि ती चित्राकडे निघाली तशी जमीन पुन्हा उठून उभी राहू लागली. पाच पावलांवर ती तिरकी होती. दोन पावलांवर भिंत झाली. हाताच्या अंतरावर एलिफची बोटं सीवर्टच्या बाहीपासून चार बोटांवर होती. चार बोटं. हे शब्द तिचेच होते.

तिला आठवायचं नव्हतं. पण आठवण तिच्या परवानगीची वाट पाहत नव्हती. मागच्या फेब्रुवारीत, दुपारी साडेतीनला, वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ती एकटी होती. युस्तेन, त्यांचा फोटोग्राफर, धावत आला होता, जिना चढून लाल झालेला. "बंदरावर माणूस पडलाय आणि मला तो सापडलाय, पडतानाचा! धान्यकोठाराच्या लोखंडी जिन्यावरून, दीडशे मीटरवरून, नव्या लांब लेन्सनं. दीडशे मीटर, इंगुन!" तिनं निगेटिव्ह धुतली, वाळवली, एन्लार्जरमध्ये, चित्र मोठं करून छापायच्या यंत्रात, घातली. अर्ध्या मीटरची ती लेन्स सगळ्या ऑफिसात कौतुकाचा विषय होती. चित्र संपादकानं दारातूनच सांगितलं, "खालची जमीन कशाला हवीय? ती काप. दोघेच राहू देत." तिनं कापली. जमिनीवर रांगेनं दोर बांधायचे खुंटे होते, गोदामाची दारं होती. सगळं तिनं चौकटीबाहेर सारलं. मग कागद डेव्हलपरच्या रसायनात बुडवला, तबक हलवत राहिली, आणि पाण्याखालून दोन माणसं वर आली. पाठमोऱ्या वाकलेल्या माणसाचा चेहरा हेल्मेटखाली होता. तिला तो कोण ते कळलं नाही. एवढंच वाटलं, की हा दुसरा कसला माणूस आहे, शेजारचा पडतोय आणि हा सिगारेट पेटवतोय. ही एवढी भावना तिच्या मनात पूर्ण तयार झाली, कडक झाली, कागदावरच्या काळ्यासारखी पक्की झाली. आणि मग पाच वाजता बंदरावरून फोन आला, की तो एलिफ होता.

त्यानंतर जे झालं त्यात चित्रापुढे कुणाच्या शब्दाला किंमत नव्हती. चौकशीत सीवर्टनं सांगितलं, मी तिसऱ्या गोदामाच्या दारात होतो, एलिफ पाचव्यापाशी, मला काही ऐकू आलं नाही, वारा होता. चौकशीवाल्यांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि कागद बंद केले. पण चौकशीचे कागद कोण वाचतं? बर्गनमधल्या प्रत्येक घरी सकाळी कॉफीच्या कपाशेजारी ते चित्र पडलं होतं. पंधरा दिवसांनी गोदी कामगारांची सभा झाली. इंगुन सभासद नव्हती, पण तिला कोण अडवणार? ती उभी राहिली, वर्तमानपत्र वर धरलं. सीवर्ट तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. "चार बोटांचं अंतर आहे," ती म्हणाली होती. "माझ्या भावानं याची बाही धरायला हात पुढं केला, आणि काडी विझेल म्हणून हा माणूस वळला नाही." तिचा आवाज कापला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सीवर्टबरोबर जोडीला कुणी उभं राहीना. गोदीत जोडीशिवाय ओझं उचलता येत नाही. दोन महिन्यांत त्यानं काम सोडलं. सभेच्या दिवशी आई म्हणाली होती, "शाबास." तिच्या आईनं तिला आयुष्यात तेवढ्या एकदाच शाबास म्हटलं.

आता शुक्रवारी प्रदर्शन होतं, वर्तमानपत्राच्या वर्षातल्या निवडक छायाचित्रांचं, ग्रंथालयाच्या या लांब बोळात. या चित्राला देशपातळीवरचं बक्षीस मिळालं होतं. लावायचं का, असं संपादकानं तिला संकोचून विचारलं होतं, आणि तीच म्हणाली होती, लावा, मोठं करून लावा, मीच करते. निगेटिव्हच्या वीसपट मोठं केलं होतं तिनं. त्यावर तासन्‌तास वाकून, ब्रशनं एकेक पांढरा ठिपका भरून, श्वास कागदावर पडेल इतक्या जवळून. जवळून म्हणजे किती जवळून, हा विचारच तिला कधी शिवला नव्हता. वीस वर्षं ती छायाचित्रं छापत आली होती. ती कुठं उभं राहून बघायची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. अर्ध्या मीटरची लेन्स, वीसपट कागद. तिनं मनात गुणाकार केला. दहा मीटर. कॅमेऱ्याला जे दिसलं ते तसंच दिसायला दहा मीटर मागं जायला हवं, आणि कॅमेऱ्यासारखं एकाच डोळ्यानं बघायला हवं. बोळ जेमतेम बारा मीटरचा होता. आणि वर्तमानपत्र माणूस किती लांबून वाचतो?

तिनं खिशातून मोजपट्टी काढली. दोघांच्या डोक्यावर एकाच गोदीची, एकाच साच्यातली हेल्मेटं होती. सीवर्टचं एकोणीस मिलीमीटर भरलं. एलिफचं पंधरा. तिनं पुन्हा मोजलं, पट्टी घसरली, पुन्हा मोजलं. एलिफ वाकला होता म्हणून लहान दिसतो असं सगळे समजले होते, तीही. पण हेल्मेट वाकल्यानं लहान होत नाही. सीवर्ट दीडशे मीटरवर असेल, तर एलिफ एकशेनव्वदवर. मधे चाळीस मीटर. बर्फावरून चाळीस मीटर पळायला लागणाऱ्या वेळात माणूस कितीदा बुडतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

युस्तेन दुपारी खिळे घेऊन आला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"काय?"

"तू जिन्यावर होतास. तू डोळ्यांनी बघितलंस. किती लांब होते ते एकमेकांपासून?"

युस्तेननं खिळ्यांचा डबा खाली ठेवला. तो चांगला माणूस होता, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. "लांब लेन्सला असंच होतं गं. सगळंच जवळ येतं. हे कुठल्याही फोटोग्राफरला माहीत असतं."

"गोदीतल्या माणसांना माहीत असतं? माझ्या आईला?"

"मी सभेत आलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "मागं उभा होतो. बोलायलाच आलो होतो. पण तू उभी राहिलीस. तुझा भाऊ गेलेला. तुला काय मी लेन्सचं गणित सांगत बसू?"

"हो."

"सोपं आहे आता म्हणणं."

"आणि बक्षीस घेताना?"

तो लाल झाला, त्या दिवशी जिना चढून झाला होता तसाच. "बक्षीस चित्राला मिळालं. चित्रात खोटं काहीच नाही, इंगुन. एक कणसुद्धा नाही. आणि जमीन मी नव्हती कापली." ते शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर गेली. वर्षभरात ती तिथं गेली नव्हती. तिसऱ्या गोदामाच्या दारापासून पाचव्याच्या कोपऱ्यापर्यंत तिनं पावलं टाकली, मोठी, मीटराची म्हणावी अशी. क्रेनवाला वरून बघत होता. पंधराव्या पावलाला तिला वाटलं, आता तरी संपावं. पंचविसाव्याला ती स्वतःशीच करार करू लागली: पस्तीसच्या आत संपलं तर काही बोलायचं नाही, पस्तिसात माणूस ऐकू शकतो, वळू शकतो. समुद्रावरून येणारा वारा कानात इतका भरला होता की स्वतःच्या बुटांचा आवाज तिला येत नव्हता. एकेचाळीस झाली. काठाशी ती थांबली, खाली बघितलं नाही. तिला एकदम रागच आला, पण तो कोणावर ठेवावा ते कळेना. वर्षभर तो एका माणसावर नीट, घट्ट बसवलेला होता; सकाळी उठलं की हाताला लागायचा, रात्री निजताना उशाशी असायचा. त्या रागावर ती जगली होती. आता तो नुसताच अंगभर सुटला होता आणि त्याला जायला जागा नव्हती, तिच्याखेरीज.

ऑफिसात पोचली तर आईचा फोन आलेला, पुन्हा वाजतच होता. "शुक्रवारी मी निळा कोट घालते," आई म्हणाली. "काळा नको. लोकांना वाटेल रडायला आलेय. आणि ऐक, त्या होल्मेलाही बोलवा म्हणावं तुझ्या साहेबांना. येऊ दे की. बघू दे स्वतःचं थोबाड भिंतीवर."

"आई..."

"काय आई? त्याच्या जागी माझा पोरगा असता तर नुसत्या हाकेला वळला असता. एवढ्या जवळ होता तो मेला होल्मे." इंगुननं रिसीव्हर कानाला धरून ठेवला. सांगावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की फोनवर नको; मग वाटलं की हे फोनवर नको वाटणं म्हणजे युस्तेनचंच गप्प बसणं आहे. "डोळा कसा आहे?" आईनं विचारलं. "बरा आहे," ती म्हणाली.

मग ती डार्करूममध्ये गेली आणि ती निगेटिव्ह पुन्हा एन्लार्जरमध्ये घातली. या वेळी तिनं काहीच कापलं नाही. वीसपट, सगळंच्या सगळं. तबकात आधी खुंटे वर आले, एकामागं एक दाटीनं उभे. मग तिसऱ्या गोदामाचं दार. ते दार बघून तिचे हात थांबले. ते सीवर्टच्या पाठीशी होतं, जसं त्यानं सांगितलं होतं तसंच. कागद धुऊन वाळवून, गुंडाळी करून ती दुपारच्या बसनं लाक्सेवोगला, सीवर्टच्या घरी गेली.

सीवर्ट तळघरात बोटीचं इंजिन उघडून बसला होता. लोकांची इंजिनं दुरुस्त करून तो पोट भरत होता, तेही लांबच्या बेटांवरच्या लोकांची, ज्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. पन्नाशीचा, रुंद, पण कपडे आता मोठे झालेले. त्यानं तिला ओळखलं आणि उठला नाही. "बस म्हणायला खुर्ची नाही," तो म्हणाला. "काय राहिलंय अजून?"

"तुम्ही लांब होता," इंगुन म्हणाली. बसमध्ये तयार केलेलं सगळं भाषण बाजूला राहिलं आणि एवढंच आलं. "सभेत मी बोलले ते चूक होतं. तुम्ही तिसऱ्या गोदामापाशी होता. मी मोजून आले."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. किंवा रडेल. सीवर्टनं चिंधीला हात पुसले आणि अगदी समजुतीच्या सुरात, जणू तीच आजारी आहे अशा सुरात, तो म्हणाला, "नाही गं. लांब होतो असं मी म्हणालो होतो, ते खरं. पण तेव्हा घाबरलो होतो. नंतर सगळं आठवलं मला."

"काय आठवलं?"

"तो माझ्या मागंच होता. त्यानं हात पुढं केला. बाहीला लागला त्याचा हात, इथं." त्यानं कोपराच्या वर बोट ठेवलं. "अजून कळतं मला तिथं, थंडीत जास्त. आणि मी वळलो नाही. काडी विझेल म्हणून."

तळघरात तेलाचा वास होता, आणि इंगुनला तो एकाएकी सहन होईना. ही वाक्यं तिची होती. शब्दाला शब्द. तिनं ती एका संध्याकाळी एका सभेत उभ्या उभ्या तयार केली होती, आणि ती या माणसाच्या आत जाऊन त्याची आठवण होऊन बसली होती. तिच्या चार बोटांनी याचा कोपर दुखत होता. "वर चला," ती म्हणाली. "परसात चला. आत्ता."

"पाऊस आहे."

"पावसाला काय होतंय, चला!"

परसातल्या लाकूडकोठीच्या दाराला तिनं चार टाचण्यांनी चित्र लावलं. एवढ्या बारीक पावसातही कागद फुगत होता. मग सीवर्टची बाही धरून, खरोखरच बाही धरून, ती त्याला मागं मागं नेत गेली, दहा मीटर मोजत, कुंपणापर्यंत. "डावा डोळा मिटा. हातानं झाका. आता बघा. लगेच बोलू नका." तो एका डोळ्यानं बघत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. काहीतरी त्याच्या डोळ्यासमोर आडवं होत होतं, पसरत होतं.

"ते दार," तो म्हणाला. "त्याची कडी. मी टेकलो होतो तिला. पाठीला गार लागत होती." आणि जरा वेळानं, "वाऱ्याकडं पाठ केली होती मी. एलिफ तिकडं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"हो."

"एक वर्ष झालं, इंगुन."

"हो."

त्यानं डोळ्यावरचा हात काढला. "माझी बायको रोज विचारायची, खरंच लांब होतास ना? पहिल्यांदा मी चिडायचो. शेवटी म्हणालो, नाही, जवळच होतो. मग ती गेली बहिणीकडं. आता काय करू? तिला पत्र टाकू, की बाई गं, दहा मीटर मागं सरक?" तो हसला, पण ते हसणं ऐकून इंगुन कुंपणाला टेकली. "मला कशाला दाखवतेस? मी तर तिथंच होतो. ज्यांना बाही दाखवलीस त्यांना दाखव."

त्यानं माफ केलं नाही. तिनंही माफी मागितली नाही. मागणं हे आणखी एक ओझं त्याच्या हातात देणं झालं असतं. कागद मात्र त्यानं परत दिला नाही. टाचण्या काढून, पुसून, तो तळघरात घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी तिनं भिंतीवरचं कापलेलं चित्र उतरवलं आणि तसंच दुसरं पूर्ण चित्र छापून, काचेमागं बसवून तिथं लावलं. चित्रापासून दहा मीटरवर जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली. युस्तेन म्हणाला, "प्रदर्शनाचा तमाशा करतेयस." मग स्वतःच गुडघ्यावर बसून पट्टीचं दुसरं टोक धरलं. लोक आले तेव्हा ती पट्टीपाशी उभी राहिली आणि बोलली. गोदीतले बरेच जण होते. या वेळी तिचा आवाज कापत होता. मी सभेत सांगितलं ते खोटं होतं, ती म्हणाली. मी ते मुद्दाम सांगितलं नाही, पण त्यानं काही फरक पडत नाही. इथं उभे राहा. एक डोळा मिटा. थोडं थांबा. कुणीतरी मागून म्हणालं, "भावाच्या मढ्यावर गणितं करतेय," आणि दोघेजण टोप्या घालून निघून गेले. पण रांग झाली. एकेक माणूस पट्टीवर येऊन हातानं डोळा झाकून उभा राहत होता आणि बाजूला होताना कोणाकडे बघत नव्हता. क्रेनवाला फक्त एवढं म्हणाला, "होल्मे कुठं राहतो आता?" आणि तिनं पत्ता सांगितला.

आई निळा कोट घालून आली होती. ती रांगेत उभी राहिली, कुणी पुढं सोडत असतानाही. पट्टीवर आल्यावर तिनं पर्स इंगुनच्या हातात दिली आणि तळव्यानं डोळा झाकला, लहान मुलीसारखा, गच्च.

"हे एवढं लांब?" तिनं विचारलं.

"चाळीस मीटर, आई."

आई बघत राहिली. इंगुनला वाटलं आता ती सीवर्टबद्दल काहीतरी म्हणेल.

"म्हणजे जवळ कुणीच नव्हतं त्याच्या," आई म्हणाली.

इंगुनला हे सुचलंच नव्हतं. हेल्मेटं मोजली, पावलं मोजली, आणि हे तिला सुचलं नव्हतं. वर्षभर त्या करड्या पट्टीच्या अलीकडे एक माणूस उभा होता, नालायक असेल, दगड असेल, पण होता. एलिफला शेवटी कुणाचीतरी बाही दिसत होती. ती तिनं आत्ता काढून घेतली होती. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवायला पुढं केला, पण आई निघालीच होती. ती सरळ चित्राकडे चालत गेली, बोळभर, बुटांचा आवाज करत, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत, आणि चित्रापाशी जाऊन उभी राहिली, अगदी जवळ, काचेवर तिचा श्वास उमटेल इतकी जवळ. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"आई," इंगुननं हाक मारली.

"मी इथून बघते," आई न वळता म्हणाली. "इथून बरं दिसतं."

तिच्या निळ्या कोटाआड दोघंही माणसं झाकली गेली होती. रांग थांबली. कुणी तिला बाजूला हो म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं पुढच्या माणसानं, गोदीतलाच कुणीतरी होता, टोपी हातात घेऊन हळूच विचारलं, "मी कुठं उभा राहू?" आणि इंगुननं, आईची पर्स छातीशी धरून, पायाखालची जागा सोडली आणि त्याला पट्टी दाखवली.